'लोहविद्युत'मध्ये लोखंड कुठे आहे?

चोपड्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: मुलगी जळगावला एम.एस्सी. करते, तिच्या प्रकल्पाचं नाव 'लोहविद्युत पातळ थरांतील प्रकाशविद्युत परिणाम'. पदार्थ बेरियम टायटनेट. त्यात लोखंड नाही, मग नावात 'लोह' कशाला?

लोह इथे घटक म्हणून आलेलं नाही, उपमान म्हणून आलं आहे. लोखंड चुंबकीय क्षेत्रात ठेवून बाहेर काढलं तरी त्यात थोडं चुंबकत्व उरतं, आणि उलटं क्षेत्र लावलं की त्याची दिशा फिरते. १९२० साली मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल सॉल्टमध्ये विजेच्या बाबतीत नेमकं हेच आढळलं: विजेचं क्षेत्र काढलं तरी एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार, म्हणजे विद्युत ध्रुव, उरतो आणि उलटं क्षेत्र लावलं की त्याची दिशा फिरते. हाच लोहविद्युत गुण. रोशेल सॉल्ट म्हणजे सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट, त्यात लोखंडाचा कणही नाही. पण क्षेत्र कमीजास्त करत ध्रुव मोजला तेव्हा आलेखावर उमटलं ते लोखंडासारखंच बंद वेटोळं. बिस्मथ फेराइट या दुसऱ्या लोहविद्युत पदार्थात लोखंड असतं खरं, पण तिथेही हा विद्युत गुण मुख्यतः बिस्मथमुळे येतो.

म्हणून समासाचा विग्रह 'लोहयुक्त' असा न करता 'लोहासारखा' असा करावा. 'लोहचुंबकीय'च्या जोडीला हा शब्द चांगला शोभतो, बदलायचं कारण नाही.

मला खटकतो तो 'प्रकाशविद्युत'. प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, तो प्रकाशविद्युत परिणाम. आइनस्टाइनचं नोबेल त्यावरचं. इथे इलेक्ट्रॉन पदार्थातच सरकतात आणि दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं. त्याला 'प्रकाशव्होल्टीय' म्हणावं. उच्चाराला जड आहे, पण घोटाळा टळतो.

आणि हा परिणाम शेतातल्या सोलर पंपाच्या पॅनेलपेक्षा वेगळा आहे. सिलिकॉनच्या सेलमध्ये दोन प्रकारच्या थरांच्या सांध्यावर विद्युतभार वेगळे होतात, आणि एका सेलला साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. लोहविद्युत स्फटिकात असा सांधा लागत नाही. स्फटिकाची रचनाच एका बाजूला झुकलेली असते, त्यामुळे प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन एका दिशेला जास्त जातात. ध्रुवाची दिशा फिरवली की प्रवाहही उलटा वाहू शकतो. २०१० साली बर्कलीच्या संशोधकांनी बिस्मथ फेराइटच्या थरात त्याच्या सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जा-अंतराने (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेने) घातलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर व्होल्टेज मोजलं. प्रवाह मात्र फार क्षीण असतो, म्हणून अशी पॅनेलं अजून छपरावर दिसत नाहीत.

राहिला 'पातळ थर'. काहीजण 'पापुद्रा' सुचवतात. पापुद्रा सुटून येतो. हा थर आधाराच्या चकतीवर घट्ट बसलेला असावा लागतो, सुटला तर नमुना वाया. शिवाय पातळपणालाच महत्त्व आहे. मिलिमीटरभर जाडीच्या स्फटिकाचा ध्रुव फिरवायला शंभर किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागू शकतात, थर काही शे नॅनोमीटरचा असला की मोजके व्होल्ट पुरतात. तेव्हा 'पातळ थर' तसाच राहू द्या.