काय लिहू म्हणून विचारू नकोस, जाऊन बोल

पोरा,

तुझा भला मोठा मेसेज दोनदा वाचला. शेवटी विचारलंयस, ‘काका, त्या अबोला धरलेल्या मित्राला काय लिहू?’ काहीही लिहू नकोस. जाऊन बोल.

१ नोव्हेंबरला तू बेळगावातल्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीचा फोटो स्टेटसला ठेवलास, तुझ्या कानडी मित्रानं कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा ठेवला. एवढ्यावर काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्याच कुणीतरी तुझ्या फोटोचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली, आणि एका गल्लीत गोट्या खेळून मोठा झालेला मित्र ग्रुप सोडून गेला. स्टेटस चोवीस तासांत पुसलं गेलं. अबोला तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी आहेच. आता त्याच्या बहिणीची लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आलीय, आणि ती मनापासून पाठवलीय की सगळ्यांना गेली म्हणून तुलाही गेली, यावर तू रात्र रात्र विचार करत बसलायस. अरे, हे पत्रिकेकडे बघून कसं कळणार? त्याच्या तोंडाकडे बघ.

१९५६ साली १ नोव्हेंबरलाच बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून त्या दिवशी एकाच शहरात कुणाची राज्योत्सवाची मिरवणूक असते, कुणाची निषेध फेरी. तू फेरीला जाऊ नकोस, असं मी कधीच म्हणणार नाही. मी स्वतः जात आलोय. पण फेरीहून परतताना समोरच्या कानडी घरातल्या आजी कट्ट्यावर बसलेल्या असायच्या. त्या ‘ऊट आतेन?’ विचारायच्या, आणि जेवलो की नाही ते सांगितल्याशिवाय पुढं जायची सोय नव्हती. राग होता, तो सरकारवरचा. समोर माणूस असला की राग नेमका कुणावर आहे ते ध्यानात राहतं. फोनवर तो खुशाल शेजाऱ्याकडे वळतो.

तू म्हणशील, लिहिताना नीट विचार करून लिहिता येतं. येतं की! पण लिहिलेलं सगळं एकदम जाऊन पडतं. समोर बोलताना अर्ध्या वाक्यातच त्याचा चेहरा उतरलेला दिसतो आणि उरलेलं अर्धं वाक्य आपण बदलतो. मैत्री त्या बदललेल्या अर्ध्या वाक्यावर टिकते रे. म्हणून म्हणतो, जाऊन बोल.

आणि जाताना फोन घरी ठेव. कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी तीनशेहून अधिक लोकांना आपापल्या माणसांबरोबर जेवायला बसवलं होतं. काहींचे फोन टेबलावर, काहींचे बाजूला काढून ठेवलेले. ज्यांचे टेबलावर होते त्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि त्या बैठकीचा आनंदही कमी वाटला. हे २०१८ साली छापून आलं. मला हे सांगायला कॅनडा लागत नाही, पण तुला पुरावा लागतो.

माझा थोरला भाऊ पुण्याला होता. मोबाईल येण्याआधी दिवाळीला किंवा गणपतीला तो यायचाच, नाहीतर आम्ही जायचो. मोबाईल आल्यावर दर रविवारी खुशाली कळायला लागली, आणि खुशाली कळते म्हटल्यावर जाणं मागं पडलं. ‘बरं आहे’ म्हणायचा, आवाजही खणखणीत. मग एका लग्नात तो दिसला. गळ्याशी सदऱ्याचं बटण लावलेलं, तरी आत दोन बोटं सहज जातील एवढा वाळला होता. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी हट्टी झालोय, असं घरचे म्हणतात. असू दे. कुणाशी वाजलं की मी त्याच्या दारात जातो. न कळवता आलेला माणूस हल्ली लोकांना नको असतो, हे मला दिसतं. दार उघडणाऱ्याच्या कपाळावर आठी असते. तरी जातो. पाच मिनिटांत ती आठी जाते, आणि नाही गेली तरी खरं काय ते कळतं. तुम्ही मुलं आठीला एवढी भिता की महिनोन्‌महिने निळ्या खुणा मोजत बसता! मला याची चीड येते, कारण तू मुळात भित्रा नाहीस.

तो उद्यमबागेतल्या कामावरून सहाला सुटतो, असं तूच लिहिलंयस. सातला घरी जा. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन जा. त्याच्या आईशी आधी बोल, कानडीत, मोडकंतोडकं चालेल. स्क्रीनशॉट कुणी टाकला याचा हिशेब काढू नकोस. लग्नात कुठलं काम अंगावर घेऊ, एवढं विचार. तो घरी नसला तर ‘येऊन गेलो’ असा मेसेज टाकू नकोस. दुसऱ्या दिवशी परत जा.

तुझा,
काका