दुकान बंद पडलं म्हणून पोरीची वही माळ्यावर टाकू नका

नमस्कार भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पोरगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, 61 टक्के, दिवाळीत यवतमाळला एका मोठ्या चेनच्या दुकानात दोन महिने काम केलं, मग ते दुकानच बंद झालं, आणि ही अजूनही त्या कंपनीची कुठली दुकानं ठेवायची नि कुठली बंद करायची हे वहीत लिहीत बसते, म्हणून तुम्ही वही माळ्यावर टाकली आणि तलाठी भरतीचा क्लास लावला. आता म्हणता, हिला समजवा.

मार्कांचं सोडा. मला टोचलं ते तुमचं वाक्य, "दारव्ह्याची पोट्टी काय कंपनी चालवणार हाय काय?" हे पाहुण्यांसमोर बोललात आणि तेव्हापासून ती तुमच्यासोबत जेवायला बसत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. कापसाला भाव नाही, घरात एक तरी पक्का पगार पाहिजे, हे मला समजतं हो. पण ते सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर कशाला? मन नसताना तीन वर्षं फॉर्म भरत राहील आणि मग तुम्हीच म्हणाल वय निघून चाललं, लग्न करू. हे चूक आहे, स्पष्टच सांगतो.

आणि तुमचा मोठा गैरसमज म्हणजे दुकान बंद झालं की धंदा बुडाला. अडचणीतली चेन दुकानं बंद करते ती बरेचदा वाचण्यासाठी. अमेरिकेतल्या मेसीज या मोठ्या दुकानांच्या चेनने फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 150 दुकानं बंद करायचं जाहीर केलं, साधारण 350 ठेवायची, कारण त्या 150 मध्ये एकूण जागेची 25 टक्के जागा अडकली होती आणि विक्री 10 टक्क्यांच्याही आत होती. त्याच प्लॅनमध्ये त्यांच्याच ब्लूमर्क्युरी या सौंदर्यप्रसाधनांच्या चेनची निदान 30 नवी, छोटी दुकानं उघडायची होती. म्हणजे कोणीतरी बसून प्रत्येक दुकानाचं भाडं, करार किती वर्षं उरला, गोडाऊन किती लांब, हे बंद केलं तर गिऱ्हाईक आपल्याच दुसऱ्या दुकानात जाईल की कायमचं तुटेल, हे सगळं मांडतं. हे पगाराचं काम आहे भाऊ, आणि तुमची पोरगी तेच करत होती.

वहीतलं जे एक पान तुम्ही रागाने पत्रात उतरवलं तेच बघा ना. दिग्रस, आर्णी, नेरची माणसं एसटीने येतात, शेवटच्या गाडीआधी दुकान रिकामं होतं आणि कंपनीने जास्त माणसं संध्याकाळी लावलेली. शिवाय कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, तर जून ते सप्टेंबरच्या विक्रीवरून दुकान मेलं असं ठरवू नये, हेही तिने लिहिलंय. मुंबईत बसलेल्याला हे दिसणार नाही.

एमबीए सीईटी, कॅट, नागपूरचं आयआयएम हे रस्ते आहेतच, पण लगेच नको. आधी वर्षभर कुठल्याही चेनमध्ये फ्लोअरवर आणि स्टॉकमध्ये काम करू द्या, सोबत एक्सेल नीट, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. तलाठीचा फॉर्म तिला स्वतःला भरावासा वाटला तर भरेल.

वही काढून तिच्या हातात द्या, आणि पाहुण्यांसमोर बोललात ते चुकलं असं तिला सांगा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, वहीच्या चार पानांचे फोटो जोडून. मी तिच्याशीच बोलतो.