वाचकांचे प्रश्न : होमकमिंगच्या आठवड्याची तयारी

प्रश्न : मुलगी फ्रिस्कोला (टेक्सास) नववीत आहे. होमकमिंगसाठी (अमेरिकी शाळांचा शरदातला सोहळा : अमेरिकन फुटबॉलचा सामना आणि डान्स) तिला 'मम' हवे आहे. दुकानातले भाव परवडणारे नाहीत. घरी करता येईल का? आणि ते घालायचे कधी?

उत्तर : घरी सहज होते. मम म्हणजे कृत्रिम शेवंतीचे मोठे फूल आणि त्याखाली लोंबणाऱ्या रिबिनी. शुक्रवारी शाळेत आणि त्याच रात्रीच्या फुटबॉल सामन्याला ते घालतात, शनिवारच्या डान्सला नाही. रंग शाळेचे घ्या. पांढरे-चंदेरी मम हा बहुतेक शाळांत बारावीचा मान असतो. नववीच्या मुलीने ते घातले तर मोठ्या मुली नाराज होतात, म्हणून एवढे आधी विचारून घ्या.

सामान : सहा-सात इंची गोल जाड पुठ्ठा, एक फूल, दोन इंच रुंदीच्या रिबिनी, घुंगरू किंवा छोट्या घंटा, चिकटवायची अक्षरे, स्टेपलर, ग्लू गन. आधी पुठ्ठ्याच्या कडेने रिबिनीच्या दुमडलेल्या पाकळ्या दोन ओळींत स्टेपल करा. मग खालच्या अर्ध्या भागाला दहा-बारा लांब पट्ट्या लावा, सर्वांत लांब मागे आणि आखूड पुढे. लांबी मुलीच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत मोजा, साधारण 30 इंच भरते. त्याहून लांब ठेवली की जिन्यात पायाखाली येते.

नावाची आणि वर्षाची अक्षरे रिबीन टेबलावर सपाट असतानाच चिकटवा आणि वरचे चार इंच कोरे सोडा, नाहीतर पहिले अक्षर फुलाखाली जाते. रिबिनीच्या वेण्या आणि घंटा त्यानंतर. फूल सर्वांत शेवटी.

बहुतेकांचे बिघडते ते गोंदामुळे. साटिनच्या रिबिनीवर ग्लू गनचा गोंद नीट धरत नाही, आणि टेक्सासच्या सप्टेंबरात बंद गाडीत मम ठेवले तर तो मऊ पडून पट्ट्या सुटतात. त्यामुळे ज्या ज्या भागावर वजन येते तो स्टेपल करा, गोंद फक्त सजावटीला वापरा. गळ्यात अडकवायची रिबीन पुठ्ठ्याच्या मागे वर डाव्या-उजव्या अशा दोन टोकांना लावा. मध्ये एकाच ठिकाणी लावली की मम दिवसभर गोल फिरत राहते. स्टेपलच्या पिना मागून फेल्टच्या तुकड्याने झाका, नाहीतर टी-शर्टचे धागे निघतात. सेफ्टी पिनने कपड्याला लावायचा बेत करू नका, वजनाने कापड फाटते.

प्रश्न : न्यू जर्सीत मुलगा बारावीत आहे. डान्सला दुसऱ्या शाळेतली मैत्रीण आणि दोन मित्र यांना स्वतःच्या गाडीतून नेतो म्हणतो. काय पाहायला हवे?

उत्तर : गाडीचे आधी. त्याचे लायसन्स प्रोबेशनरी (नव्या चालकाचे, अटी असलेले) असेल तर रात्री 11:01 ते पहाटे 5 गाडी चालवता येत नाही, आणि आईवडील सोबत नसतील तर एकच प्रवासी चालतो. नंबरप्लेटवर लाल स्टिकरही हवेत. म्हणजे तिघांना नेणे नियमात बसतच नाही, आणि डान्स अकराला संपला तर परतीचा प्रवासही नाही. चारही घरांनी मिळून ने-आण वाटून घ्या. न्यायला एक पालक, आणायला दुसरा. फोटो आणि जेवण आधी असते, तेव्हा पहिली फेरी दुपारीच सुरू होते.

मैत्रिणीसाठी गेस्ट फॉर्म लागतो. त्यावर तिच्या पालकांची आणि तिच्या शाळेच्या अधिकाऱ्याची सही असते, बरोबर ओळखपत्राची प्रत. याची मुदत बहुधा तिकीटविक्रीच्या आधीच संपते आणि सही यायला दोन-तीन दिवस जातात. सर्वाधिक मुले इथेच अडकतात. पुस्तकाचा किंवा लॅपटॉपचा दंड बाकी असला तरी अनेक शाळा तिकीट देत नाहीत. दारात तिकीट मिळेल असे धरून चालू नका. एकदा बाहेर पडले की पुन्हा आत सोडत नाहीत, म्हणून जॅकेट, औषध, चार्जर आधीच आठवणीने द्या.

प्रश्न : आम्ही जुलैत पुण्याहून आलो. मुलगा लाजाळू आहे, डान्सला जोडीदार नाही. शिवाय शनिवारीच आमच्या मंडळाचा भोंडला आहे. त्याला जाऊ द्यावे का?

उत्तर : जोडीदार लागत नाही. पुष्कळ मुले मित्रांच्या गटाने किंवा एकटी जातात. वसंतातल्या प्रॉमसारखा (शाळेचा औपचारिक डान्स) थाटही नसतो, साधा शर्ट-टाय पुरतो. पण आमच्या मते त्याच्यासाठी खरा आठवडा डान्सच्या आधीचाच आहे. सोमवार ते शुक्रवार रोज वेगळा वेश असतो : पायजमा, जुळ्यांसारखे कपडे, जुने दशक, शुक्रवारी शाळेचे रंग. यादी विद्यार्थी परिषद आधी जाहीर करते. बहुतेक कपडे घरातच सापडतात.

त्याहून मोलाचे म्हणजे फ्लोट बांधायला जाणे. मिरवणुकीतल्या त्या सजवलेल्या ट्रेलरला शाळा सुटल्यावर नेहमीच हात कमी पडतात. जाळीत टिश्यूचे तुकडे खोचायला कुणाची ओळख लागत नाही, आणि तासाभरात चार नावे कळतात. एक लक्षात ठेवा, क्रेप पेपर पावसात रंग सोडतो. अंदाज पावसाचा असेल तर प्लास्टिकचे आच्छादन सुचवायला त्याला सांगा.

शनिवारी भोंडला सहाला असेल तर खिरापत खाऊन आठला डान्सला पोहोचता येते. तिकीट काढण्यापूर्वी मात्र प्रवेश किती वाजता बंद होतो ते पाहा, काही शाळा डान्स सुरू झाल्यावर तासाभरातच दार लावतात आणि पैसे परत मिळत नाहीत.