व्हिझेउला जाशील तेव्हा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोइंब्राला आहेस, हाताशी एक मोकळा दिवस आहे आणि लिस्बनची गर्दी नको असेल, तर व्हिझेउचं ग्रांव वास्को संग्रहालय पाहून ये. हा वास्को म्हणजे गोव्यातल्या शहराला ज्याचं नाव दिलंय तो दर्यावर्दी नव्हे. हा चित्रकार वास्को फर्नांडिस, साधारण १४७५ ते १५४२ या काळातला. लोकांनी पुढे त्याला 'थोर वास्को' केलं आणि त्या मुलखातली जुनी चित्रं सरसकट त्याच्या नावावर चढवली. संशोधक ती यादी अजून छाटताहेत.

आधी प्रवासाचं. व्हिझेउला आता रेल्वे येत नाही. जुन्या अरुंद रुळांच्या जागी ४९ किलोमीटरचा सायकलमार्ग झालाय. कोइंब्राहून बसने दीडेक तास धर आणि परतीचं तिकीट आधीच काढ. सोमवारी संग्रहालय बंद. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर हेही टाळ. मंगळवारी जाणार असशील तर सकाळी उघडं आहे का ते विचारून घे. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांना सरकारी संग्रहालयांत वर्षातले ५२ दिवस मोफत प्रवेश मिळतो, म्हणून रहिवासाचा परवाना आणि कर-क्रमांकाचा कागद जवळ ठेव. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवावी लागेल. टिपणवहीबरोबर शिसपेन्सिल ने, चित्रांजवळ शाईचं पेन काढू नकोस. फ्लॅश तर अजिबात नको.

आत शिरल्यावर पहिल्या दालनापासून ओळीने पाहत सुटायचं नाही. तसं केलंस तर मुख्य चित्रांपर्यंत पोचेतो पाय आणि डोळे दोन्ही दमतील. कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, वेदीची जुनी चित्रं कुठे आहेत हे विचार आणि थेट तिथे जा.

ही चित्रं १५०१ ते १५०६ मधली, शेजारच्याच कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे एका मोठ्या लाकडी चौकटीत बसवलेली होती. आज त्यांतली १४ उरली आहेत. येशूच्या जन्माच्या वार्तेपासून पवित्र आत्मा उतरेपर्यंतची ही कथा आहे. मूळ जागी ती उंचावर होती, खालून आणि मेणबत्त्यांच्या उजेडात दिसायची. आता ती सुटी होऊन डोळ्यांसमोर आली आहेत. म्हणून आधी दालनाच्या मध्यावर उभी राहा आणि १४ चित्रं मनातल्या मनात एकावर एक रचून बघ. लाल आणि निळी वस्त्रं इतकी ठळक का, ते तेव्हा उमगेल: दूरवरच्या भाविकाला कथा कळायला हवी होती. मग एकेका चित्राजवळ जा. पृष्ठभागावर दिवा चमकत असेल तर पुढे-मागे न होता बाजूला सरक, चकाकी तशीच जाते. उभ्या सरळ रेषा किंवा बारीक भेगा दिसल्या तर त्या चित्रकाराच्या नव्हेत, ज्या लाकडी फळ्यांवर चित्र रंगवलंय त्यांच्या सांध्यांच्या आहेत. लाकूड दमट-कोरड्या हवेत आडवं फुगतं नि आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. म्हणून रंग सांध्याच्या रेषेत फुटतो.

यातल्या 'तीन राजांचं वंदन' या चित्रापुढे वीस मिनिटं काढ. बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्यांपैकी बाल्थाझार हा राजा परंपरेने आफ्रिकी दाखवतात. इथे त्याच्या जागी पिसांचा मुकुट घातलेला ब्राझीलचा माणूस आहे. पाश्चात्त्य चित्रकलेत ब्राझीलच्या मूळ रहिवाशाचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र मानतात. काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्दीचा तांडा कालिकतकडे निघाला आणि वाटेत एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलला लागला. चित्राचं काम लगेच पुढच्या वर्षी सुरू झालं. चित्रातल्या त्या माणसाच्या हातातला लांब बाण ब्राझीलचा आहे, पण अंगातला सदरा मात्र युरोपी. उघड्या अंगाचा माणूस वेदीवर चालला नसता. दुसऱ्या हातात आहे चांदीत मढवलेली करवंटी. कोकणी डोळ्याला ती आधी दिसेल, पण तिथे घाई नको. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावर नारळ पोर्तुगीजांनीच पुढे नेला, म्हणजे हा प्याला ब्राझीलचा असणं कठीण. पूर्वेकडच्या करवंट्या चांदीत मढवून घेणं ही युरोपातल्या श्रीमंतांची हौस होती. माझ्या मते एकाच माणसाच्या दोन हातांत दोन वेगळे समुद्र आले आहेत, आणि चित्रकाराला त्यात काही विसंगत वाटलेलं नाही. पुढे लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात गेलीस तर 'नरक' हे अनामिक चित्र शोध. तेही १६व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतलंच, पण तिथे पिसांचा मुकुट सैतानाच्या डोक्यावर आहे.

आता 'सेंट पीटर'कडे वळ. पीटर म्हणजे येशूचा शिष्य, ज्याला पहिला पोप मानतात. हे १५३० च्या आसपासचं, दोन मीटरहून उंच. मधल्या काळात बिशप बदलला होता. मिगेल द सिल्व्हा रोममध्ये राजदूत राहून आलेला, इटालियन वळणाचा माणूस. त्याने ही मोठी चित्रं सांगून करवून घेतली. फरक तीन ठिकाणी तपास. आधीच्या चित्रांत वस्त्रांच्या चुण्या कागद चुरगळल्यासारख्या टोकदार आहेत, इथे कापडाला वजन आलंय. पीटरचं सिंहासन आणि त्यामागची वास्तू इटालियन धर्तीची आहे. दोन्ही बाजूंच्या कमानींतून दूरवर पीटरच्या आयुष्यातले प्रसंग दिसतात, तेही पाहा. शेवटी चेहरा: पोपचा पोशाख आणि आत रापलेला, थोराड गावकरी. मला या संग्रहालयातलं हेच चित्र सर्वांत भावतं.

पाटीवरचे काही शब्द ओळखता आले पाहिजेत. 'आत्रिबुईदु' म्हणजे त्याचं असावं असा अंदाज, 'ऑफिसिना' म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, स्वतःच्या हातचं असेलच असं नाही. 'कार्व्हाल्यु' म्हणजे ओक आणि 'कास्तान्यु' म्हणजे चेस्टनट. चेस्टनट त्या डोंगराळ भागातलंच झाड, त्यामुळे कोणती फळी कुठे वापरली याची नोंद ठेव.

बाकीची दालनं, १९व्या-२०व्या शतकातली पोर्तुगीज चित्रं वगैरे, अर्ध्या तासात फिरून होतील. गोव्याच्या वस्तू इथे शोधू नकोस, त्यासाठी लिस्बनच बरं. इमारत जुन्या सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची आहे; आतलं आजचं रूप एदुआर्दु सोतु द मोरा या वास्तुकाराचं, २००४ मध्ये खुलं झालेलं. उजेड आणि भिंतींचा रंग त्याने किती आवरून वापरलाय ते जाता-जाता बघ.

जेवणाआधी कॅथेड्रलमध्ये शिर. मान वर केलीस की छताच्या दगडी दोरांना गाठी मारलेल्या दिसतील. हे काम १५१३ चं, म्हणजे तू पाहिलेल्या दोन चित्रांच्या अधलंमधलं. तिथलं अंगणही त्याच सिल्व्हाच्या काळातलं, गोल कमानींचं. पीटरच्या सिंहासनाशी ते ताडून बघ.

लामेगोच्या संग्रहालयात वास्कोच्या २० चित्रांच्या वेदीतली ५ आहेत, पण तो बेत त्याच दिवशी घालू नकोस, बसच्या वेळा जुळवताना दोन्हीकडे घाई होईल. त्यापेक्षा कोइंब्रात परतल्यावर सांता क्रूझ चर्चमधलं त्याचं 'पेंटेकॉस्ट' (पवित्र आत्मा उतरण्याचा प्रसंग) गाठ. त्यावर 'वेलास्कुस' अशी सही आहे. त्याची सही असलेली चित्रं फार थोडी, म्हणून जे 'आत्रिबुईदु' वाटतं ते या चित्राशी ताडून पाहायची सवय लाव.

तुझा,
काका