फोटो झकास, पण ह्यात तू कुठं?

प्रश्न : माझं वय २९. वडिलांचं कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दुकान आहे. पाच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलो, आता दुकानात बसतो आणि सकाळी कॅमेरा घेऊन फिरतो. सोबत बारा फोटो पाठवलेत. मित्र म्हणतो, "फोटो झकास, पण ह्यात तू कुठं हैस? ही तर कॅलेंडरं." 'मी आणि माझं शहर' दाखवायचं तर प्रत्येक फोटोत स्वतः उभं राहायचं का? की नवी लेन्स घेऊ?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : मित्राला एक मिसळ द्या, खरं बोललाय. बारापैकी सात फोटो रंकाळ्याचे, तेही मावळतीचे. आपल्याकडं नवा माणूस भेटला की नावाआधी विचारतात, "कुठल्या पेठंतला? तालीम कुठली?" तुमच्या फोटोंना हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. आत्ता स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यानंही तेच काढले असते.

दुकानाचा एकही फोटो नाही. लाज वाटते का? मला वाटायची, म्हणून विचारतो. माझे वडील लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर तोलाईदार होते. मी मात्र पन्हाळ्यावर जाऊन ढग काढायचो. काट्याजवळ उभे असलेल्या वडिलांचा एकही फोटो आज माझ्याकडं नाही. आहे तो मतदार ओळखपत्राचा.

तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला पाय दिसावेत म्हणून जमिनीलगत तिरका आरसा असेल. त्याच्यासमोर उकिडवे बसा. आरशात तुम्ही, तुमच्या पाठीमागं रस्ता, वरती उलटी अक्षरं झालेली पाटी. बाजूला खरा, चप्पल घालून बघणारा पाय. तुम्ही, धंदा आणि गाव एकाच चौकटीत. फोकस मात्र जपून. आरसा दोन फुटांवर असेल तर त्यातलं तुमचं तोंड कॅमेऱ्याला चार फुटांवर दिसतं. काचेवर फोकस केलात तर धूळ ठळक येईल आणि तुम्ही पुसट. (कधी कधी तेच बरं दिसतं.) फ्लॅश अजिबात नको.

व्हिव्हियन मायर ही बाई शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळून पोट भरायची. रस्त्यावरच्या आरशांत, दुकानांच्या काचांत तिनं स्वतःला कितीदा तरी टिपलं. २००७ साली तिचे निगेटिव्ह लिलावात गेले, तेव्हा कुठं ते लोकांसमोर यायला लागले. ली फ्रीडलँडर ह्या अमेरिकन फोटोग्राफरनं तर १९६६ साली न्यूयॉर्कात पुढं चाललेल्या बाईच्या फरकोटावर पडलेली आपल्याच डोक्याची सावली काढली. तोंड न दाखवताही माणूस फोटोत असतो तो असा. सकाळी आठच्या सुमारास महाद्वार रोडवर ऊन पाठीशी घेऊन चाला, तुमची सावली कुणाच्या पायरीवर चढते ते बघा. मात्र दुसऱ्याचा चेहरा येत असेल तर आधी विचारा. आपल्याकडं माणसं नाही म्हणत नाहीत, उलट केस विंचरून येतात, आणि मग फोटो बिघडतो.

लेन्सचं म्हणाल तर बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात हातानं बनवलेल्या कॅमेऱ्यावर काम करून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तुमची ३५ मिलिमीटरची लेन्स पुरे.

महिनाभर रंकाळा बंद. रोज दुकानाचं शटर उघडताना एक आणि ओढताना एक फोटो काढा, उभं राहायची जागा तीच ठेवा. आणि आरशाचे पाठवताना आरसा पुसू नका.