आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या स्त्रिया बहुतेक पुढाऱ्यांच्या बायका होत्या आणि त्यांना चार दिवस ठेवून सोडलं, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही, खरं नाही. मी गोरेगावात वाढले. तिथे मृणालताईंचं नाव घराघरात घेतलं जायचं, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मृणाल गोरे यांचे पती केशव गोरे १९५८ सालीच वारले होते. लेखिका दुर्गाबाई भागवत अविवाहित, शिवाय कुठल्याही पक्षात नव्हत्या. अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, त्यांची मुंबईच्या रस्त्यावरची आणि महापालिकेतली कारकीर्द स्वतःची. प्रमिला दंडवते यांचे पती मधू दंडवते खासदार होते हे खरं, पण प्रमिलाताई राष्ट्र सेवा दलात तयार झालेल्या, स्वतः मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्या होत्या.

सरकारला या बायकांचा धसका होता आणि त्याला कारणही होतं. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल, सगळंच महागलं आणि मिळेनासं झालं. तेव्हा समाजवादी आणि कम्युनिस्ट बायकांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरुद्ध एकत्र समिती केली. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई, तारा रेड्डी या तिच्या पुढे होत्या. लाटणी घेऊन निघणाऱ्या त्या मोर्च्यांत कधी सभेलाही न गेलेल्या गृहिणी हजारोंनी आल्या. ज्या बाईच्या एका हाकेवर चाळीच्या चाळी रस्त्यावर येतात, तिला २५ जून १९७५ ला आणीबाणी लागल्यावर मोकळं कसं सोडतील?

मृणालताई भूमिगत झाल्या. वेष आणि घरं बदलत त्यांनी कित्येक महिने पोलिसांना चकवलं आणि डिसेंबर १९७५ मध्ये त्या सापडल्या. त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकटं ठेवलं. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी बाई होती आणि समोर एक मनोरुग्ण बाई, अंगावर कपडे नसलेली, ओरडत असायची. त्या दोघींचा काहीच दोष नव्हता, त्यांना उपचार हवे होते. पण मृणालताईंसारख्या एका आमदाराला मुद्दाम अशा जागी नेऊन ठेवणं, यात तिचं मन मोडावं याशिवाय दुसरा हेतू मला तरी दिसत नाही.

आणि दाद मागायची कुठे? मिसा म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येणारा कायदा, त्याखाली अटकेचं कारण सांगायचीही गरज उरली नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवलं की अशा स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात जाता येणार नाही. विरोधातलं ते एक मत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचं. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं आत होती.

प्रमिलाताई येरवड्यात होत्या आणि मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायची. त्याच बंगळूरच्या तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. रात्री त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या ऐकू येत, असं मधू दंडवते यांनी पुढे लिहून ठेवलं. स्नेहलता नाटक-सिनेमातल्या अभिनेत्री, 'संस्कार' या कन्नड चित्रपटाच्या नायिका. भूमिगत समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि जॉर्ज पोलिसांच्या हाती लागत नव्हते. मे १९७६ मध्ये बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे जॉर्ज आणि साथीदारांवर स्फोटकांच्या कटाचा आरोप असलेल्या खटल्यात, स्नेहलतांना उचललं. आरोपपत्रात शेवटी त्यांचं नाव आलंच नाही, तरी सुटका झाली नाही. त्यांना जुनाट दमा होता, धड उपचार मिळाले नाहीत. तब्येत पार ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर घरी पाठवलं आणि २० जानेवारीला त्या गेल्या. तुरुंगात त्यांनी लिहिलेली डायरी आज वाचता येते. ज्यांना 'चार दिवस' वाटतात, त्यांनी ती जरूर वाचावी.

दुर्गाबाईंचा गुन्हा म्हणजे त्यांचं बोलणं. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्यादेखत दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखणीवरच्या बंधनांचा निषेध केला. पुढे पोलिसांनी त्यांना मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून नेलं. तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढे होतं.

१९७७ च्या निवडणुकीत मृणालताई उत्तर मुंबईतून आणि अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेल्या. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत, पंतप्रधान इंदिरा गांधीही त्याच निवडणुकीत पडल्या, म्हणून 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा सगळ्यांच्या तोंडी झाली.

'चार दिवस' हा समज कुठून आला असेल, याचा माझा एक अंदाज आहे. नोव्हेंबर १९७५ पासून विरोधी पक्षांच्या लोकसंघर्ष समितीनं आणीबाणीविरुद्ध देशभर सत्याग्रह केला. त्यात बायकांच्या तुकड्याही होत्या आणि सत्याग्रहींपैकी अनेकांच्या शिक्षा मिसावाल्यांपेक्षा कमी मुदतीच्या होत्या. पण त्यात सरकारी नोकरी असलेली बाई असायची, लहान मूल सासूकडे सोपवून आलेली असायची, आणि सुटका कधी होईल याची खात्री त्यांना कुणीच दिलेली नव्हती. या बायकांची नावं पुस्तकांत फारशी नाहीत. त्या आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या नात्यात, गावात कुणी असेल तर जाऊन भेटा, विचारा आणि त्या सांगतील ते तारखांसकट लिहून घ्या.