वाचकांचे प्रश्न : लहान मुलांसह धबधब्याची पायवाट

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. मुले सहा आणि दहा वर्षांची आहेत, सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून त्यांचे गुडघे अधूनमधून दुखतात. एका दिवसात जाऊन येता येईल, थोडे चालणे होईल आणि मुलांना पाण्यात खेळता येईल, असा साताऱ्याकडचा धबधबा सुचवावा. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपल्या तीन अपेक्षांपैकी पहिल्या दोन सहज पूर्ण होतील, तिसरी मात्र आपण सोडून द्यावी, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो. लहान मुलांसाठी चांगला धबधबा तो, जो दरीच्या अलीकडे कठड्यामागे उभे राहून पाहायचा असतो. या कसोटीला साताऱ्याचे ठोसेघर पुरेपूर उतरते. शहरातून बोगद्यातून बाहेर पडून, सज्जनगडाचा पायथा मागे टाकून, बोरणे घाट चढून गेले की साधारण पंचवीस किलोमीटरवर हे गाव लागते. तिकीट काढून आत शिरल्यावर झाडीतून बांधीव वाट आणि पायऱ्या उतरत थेट समोरच्या गॅलरीपर्यंत जाता येते, त्यामुळे मुलांना ‘ट्रेक केला’ असे शाळेत सांगता येईल इतपतच चालणे होते. सासूबाईंच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवावे, की उतरताना काही जाणवत नाही, गुडघे बोलू लागतात ते परत चढताना. म्हणून हातात काठी द्यावी आणि चढणीला घाई करू नये. त्याच दिवशी सज्जनगडही उरकण्याचा मोह पुष्कळांना होतो. गाडी बरीच वर जात असली तरी पुढे पायऱ्या चढाव्याच लागतात, तेव्हा समर्थांचे दर्शन दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवलेले बरे.

जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत पोहोचल्यावर समोर केवळ पांढरे धुके आणि पाण्याचा आवाज, अशी स्थिती अनेकदा असते. लोक दोन मिनिटे थांबतात, चुकचुकतात आणि परततात. आपण थांबावे. वारा फिरला की धुक्याचा पडदा एका बाजूने सरकू लागतो, आधी वरची काळी कातळकडा दिसते, मग तिच्यावरून सुटलेली धार आणि सर्वांत शेवटी खालची दरी. आणि मुलांना तोंड उघडे टाकून पाहायला लावणारा तो अर्धा मिनिट साऱ्या प्रवासाचे मोल वसूल करतो. पाऊस थोडा ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरमध्ये, धुके कमी असते आणि पाणीही भरपूर असते, म्हणून कुटुंबासाठी तोच महिना आम्हाला अधिक पसंत आहे. मुलांना आणखी एक गोष्ट दाखवावी : हे पाणी तारळी नदीचे. वाटेत धरणात थोडे अडून ती उंब्रजजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे आपल्याच सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहते. आपल्या घाटावर येणाऱ्या पाण्याचा एक धागा इथून सुटतो, हे कळले की धबधबा परका राहत नाही.

आता पाण्यात खेळण्याविषयी. आपण उभे असतो तिथे ऊन पडलेले असले, तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येते. प्रवाह अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येणे आणि आवाज वाढणे, ही त्याची लक्षणे. ती दिसताच काठ सोडावा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा तेही सहलीलाच आलेले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत कोसळली. सुदैवाने तिला जिवंत वर काढता आले. घाटात ‘फक्त एक फोटो’ म्हणून गाडी थांबवू नये, ही विनंती आम्ही त्यासाठीच करतो. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती चौकशी करावी.

पादत्राणांबाबत : मुलांना सपाट तळव्याच्या प्लास्टिकच्या चपला घालू नयेत. शेवाळलेल्या काळ्या दगडावर त्या साबणासारख्या सटकतात. खाचा असलेल्या रबरी तळव्याचे जुने बूट आणि गाडीत कोरड्या मोज्यांचा एक जोड, एवढे पुरते. पाण्याची हौस परतल्यावर भाजलेल्या कणसावर आणि चहावर भागवावी.

प्रश्न : ठोसेघर पाहून झाले आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे. आता वजराई जमेल का? तो देशातला सर्वांत उंच म्हणतात, ते खरे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जमेल. कासच्या पुढे भांबवली गावापासून जंगलातून पायवाट आहे. ती चिखलाची व निसरडी असते, पण बारा वर्षांच्या चालत्या मुलाला अवघड नाही. तीन टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा उरमोडीच्या उगमाकडचा आहे. उंचीच्या वादात आम्ही पडत नाही, कारण सगळे टप्पे मिळून मोजायचे की एकच सलग उडी धरायची, यावर क्रमांक बदलतो. फुलांच्या हंगामात जाणार असाल तर कासची नोंदणी आगाऊ करावी. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कासचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून रविवारची गर्दी तिथे फुलांपेक्षा अधिक दिसते.

प्रश्न : पाटणजवळच्या सडावाघापूरला पाणी वर का उडते? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : पावसाळी वारा सड्याच्या उभ्या कड्यावर आदळतो आणि त्याला वर वळण्यावाचून मार्ग राहत नाही. कड्यावरून सुटणारी धार बारीक असल्याने वारा तिला तुषारांसकट उचलून मागे फेकतो. वारा पडला की तीच धार निमूटपणे खाली जाते. जो वारा पाणी उचलतो, तो छत्रीही उचलतो आणि छत्री धरलेल्या मुलालाही कडेकडे ओढतो, म्हणून तिथे रेनकोट घालावा, छत्री गाडीतच ठेवावी.

प्रश्न : कोयनानगरजवळ ओझर्डेला गेलो असता जळवा लागल्या. ओढून काढल्यावर रक्त थांबेना. (एक वाचक, मिरज)

उत्तर : जळू चावताना रक्त गोठू न देणारे द्रव्य जखमेत सोडते, म्हणून रक्त बराच वेळ झिरपते, घाबरण्याचे कारण नसते. तिला हिसकून ओढू नये. नखाने तिचे तोंड कातडीपासून अलगद सोडवावे, जागा स्वच्छ धुवावी आणि कापसाने दाबून धरावी. पुढच्या वेळी पँटचे पाय मोज्यांत खोचावेत.